मागचा पट्टा

पप्पांच्या डाव्या बुटातून चिंचोका निघाला तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पप्पा कोर्टातून आले. ओट्यावर बसून लेस सोडल्या, बूट काढले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले. मी बूट उचलून आत ठेवायला गेले तर डाव्या बुटात काहीतरी खडखडलं. उलटा केला तर चिंचोका पडला. चांगला टपोरा, आणि दिवसभर घासून घासून चकचकीत झालेला. पप्पा त्या दिवशी तीन गावं फिरून आले होते. मी तशीच मोरीत गेले, त्यांचा पाय वर उचलायला लावला. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड, तोही फुटलेला.

"पप्पा, दुखत नाही हे तुम्हाला?"

"काय?" पप्पा म्हणाले.

ते "काय" ऐकलं आणि मला कळून चुकलं, त्यांना काही जाणवलंच नव्हतं. मी डी.फार्म. झालेय, नांदेडला एका मेडिकलवर चार वर्षं उभी आहे. शुगरवाल्यांचे पाय कसे जातात ते मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडे दर महिन्याला गोळ्या न्यायला येणारा एक माणूस पहिल्या वर्षी चालत आला, दुसऱ्या वर्षी कुबडी घेऊन आला आणि तिसऱ्या वर्षी त्याची बायको एकटीच आली. पप्पांची शुगर पंधरा वर्षांची. तरी मला वाटायचं, आपल्या घरात तसं होणार नाही. का वाटायचं, देव जाणे, आणि देव तर आम्ही मानतही नाही.

माझे वडील आनंदराज लोह्याला कोर्टात बेलिफ आहेत. कोर्टातून निघालेले समन्स आणि नोटिसा गावोगाव नेऊन माणसाच्या हातात द्यायच्या, सही घ्यायची. घ्यायला नाही म्हटला तर त्याच्या दारावर खळ लावून डकवायची आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. असल्या माणसाला पाहून कुणाला आनंद होत नाही. पण पप्पा तालुक्यात प्रसिद्ध होते ते त्यांच्या बुटांमुळे. काळे, चामड्याचे, लेसचे, पुढे निमुळते होत गेलेले. रोज सकाळी वर्तमानपत्र पसरून त्यावर पॉलिश चालायचं, आणि कोर्टातले गुरुलिंग काका म्हणायचे, "जज्जसाहेब मागून आले तरी चालतील, आधी आनंदराजचे बूट येऊ द्या." गेली दोन वर्षं तर पप्पा भाजी आणायलाही बूट चढवून जायला लागले होते. मम्मी म्हणायची, "रिटायरमेंटला आले अन् आता नवरदेव झाले."

मीही चिडवायचे. म्हणायचे, पप्पा, तुमची फॅशन काही संपत नाही. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"तू बोलून राहिलीस? तुझ्या त्या टाचा बघ आधी. मेडिकलवर उभी ऱ्हातीस का सर्कशीत काम करतीस?"

हे मात्र खरं होतं. दहा तास काउंटरमागे उभी राहते, पाय कुणाला दिसत नाहीत, तरी मी अडीच इंची टाचेच्या सँडल घालते. संध्याकाळी लोह्याच्या गाडीत बसले की पोटऱ्या ठणकतात. पण माझ्या पोटऱ्या ठणकतात ते मला कळतं, आणि फरक तिथेच होता.

आता आबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पप्पांच्या बुटांचं काही कळणार नाही. आबा म्हणजे पप्पांचे वडील. आमचं मूळ गाव लोह्याहून बारा किलोमीटर. आबांच्या लहानपणी आमच्या लोकांनी गावातल्या पारासमोरून जाताना पायताण काढून हातात घ्यायचं आणि नजर खाली ठेवून जायचं, अशी रीत होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आबांनी घरात दोन कायदे केले. पायताण पायात, आणि नजर वर. पप्पा लहान असताना चालता चालता खाली बघायला लागले की आबा त्यांच्या हनुवटीखाली हात घालून मान वर करायचे. पडला तर चालेल, म्हणायचे, पण खाली बघून चालायचं नाही. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ती सुरू झाली की मी मोबाइल काढायचे. मला खरंच वाटायचं, पप्पांचे बूट म्हणजे आबांची ती गोष्ट आणि त्यावर थोडी फॅशन, एवढंच. मी किती चुकत होते ते पुढे कळलं.

चिंचोक्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नांदेडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला टोचत गेले. टोचलं की सांगा, म्हणाले. पप्पा अधूनमधून "हाव" म्हणत होते. अडचण अशी की डॉक्टर टोचत होते तेव्हा ते गप्प होते आणि टोचत नव्हते तेव्हा "हाव" म्हणत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यांचा तो विद्यार्थ्यासारखा डोळे मिटलेला चेहरा माझ्यानं बघवेना.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. टोकदार बूट बंद. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली सँडल. चालताना पायांकडे लक्ष. रोज रात्री पाय तपासणे. फोड भरेपर्यंत फिरती नाही.

तो कागद पर्समध्ये टाकून मी त्यांना चपलांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं दोन जोड समोर ठेवले. एक काळी सँडल, जाड, बोजड, वरून आणि मागून चिकटपट्ट्यांची. लांबूनही कळावं की हा माणूस दवाखान्यातून आलाय. दुसरी तपकिरी चप्पल, तळ तितकाच मऊ, वर छान शिवण, नुसती पाय सरकवून घालायची. पप्पांनी काळीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांचं ते तोंड फिरवणं पाहून मला वाटलं, ही घेतली तर पहिल्याच दिवशी पलंगाखाली जाईल आणि बूट परत निघतील. निदान ही तपकिरी ते घालतील तरी. आणि खरं सांगायचं तर मलाही ती काळी बघवत नव्हती. माझ्या बापाच्या पायात ती नको होती. मागे पट्टा नव्हता एवढंच ना, असं मी स्वतःला सांगितलं आणि तपकिरी बांधून घेतली.

तीन आठवडे पप्पा कोर्टातच बसून राहिले. घरी आले की मी टॉर्च घेऊन पाय तपासायचे. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, टाचेच्या भेगांत. पप्पा वैतागायचे. "कोंबडी घेऊन राहिलीस का बाजारात? किती उलटसुलट करतीस?" मी ऐकायची नाही. मेडिकलवर कुणी पायाच्या जखमेचं मलम मागितलं तरी मला पप्पांचा तळवा दिसायचा. दिवसातून चार वेळा मम्मीला फोन करून विचारायचे, पप्पांनी बूट तर घातले नाहीत ना? शेवटी मम्मी म्हणाली, "लुंबे, तूच आजारी पडशील बाई." तेव्हा मी सरळ त्यांचे बूट उचलले आणि ज्वारीच्या कोठीमागे नेऊन ठेवले. निदान एक काळजी मिटली.

फोड भरला. आणि फिरतीची पहिली नोटीस निघाली ती नेमकी आमच्या गावची. पारासमोरच्या मोठ्या घरातले श्रीमंतराव, त्यांच्या पुतण्यानं जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता. त्याची नोटीस.

सकाळी पप्पा घरभर बूट शोधत फिरले. पलंगाखाली, माळ्यावर, मोरीच्या मागे. मी चहा पीत बसले होते.

"लुंबे, बूट दे."

"नाही."

"आजच्या दिवस. गावात जायचंय."

"म्हणूनच नाही. आबांची गोष्ट मला पाठ आहे पप्पा. आता कुणी तुमचे पाय बघत नाही. आबांचा काळ गेला."

पप्पा काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. मला वाटलं, वादात मी जिंकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, पण ती भीती आहे हे मला तेव्हा ओळखता आलं नाही. ते दारात बसले, तपकिरी चपलेत पाय सरकवले आणि खाली बघून दोन्ही पाय नीट आत गेल्याची खात्री केली. मग बॅग घेतली. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. माझ्या स्कूटीवर मागे बसवून त्यांना घेऊन निघाले.

गावात नळाच्या लायनीसाठी गल्ली खोदून ठेवली होती. कुठेतरी पाइप गळत होता आणि सगळा राडा झाला होता. स्कूटी शाळेपाशीच लावावी लागली. पप्पा बॅग काखेत मारून पुढे निघाले, मी मागून. दहा पावलांवर माझ्या सँडलची टाच चिखलात रुतली. ओढली तर पाय आला आणि सँडल आत राहिली. वाकून, शिव्या देत, दोन्ही हातांनी ती उपटून काढेपर्यंत पप्पा वळणाच्या पलीकडे गेले.

मी वळणावर आले आणि मला ती दिसली. राड्यात अर्धी रुतलेली तपकिरी चप्पल. डाव्या पायाची.

पहिल्यांदा मला वाटलं, दुसऱ्या कुणाची असेल. मग पुढे पाहिलं. चिखलात पावलं उमटली होती. एक चपलेचं, एक बोटांचं. एक चपलेचं, एक बोटांचं. चिखल संपून पुढे खडी लागत होती, फुटकी कौलं पडली होती, आणि पावलं कुठेही थांबली नव्हती. माणसाची चप्पल पायातून निघाली तर तो थांबतो, मागे वळतो. हा माणूस थांबलाच नव्हता. मी ती चप्पल उचलली आणि धावत सुटले.

पारावर चार-पाच माणसं बसली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "कुणाचं पायताण घेऊन पळून राहिली गं पोरी?" मी पळतच राहिले.

पप्पा श्रीमंतरावांच्या दारासमोर ताठ उभे होते. हातात नोटीस, मान वर, आवाज खणखणीत. "श्रीमंतराव, दिवाणी न्यायालयाची नोटीस हाय. तारीख वाचून घ्या आणि इथं सही करा." गावात बाकी सगळे श्रीमंतरावांना मालक म्हणतात. पप्पा कधी म्हणाले नाहीत. समोर ओट्यावर श्रीमंतराव बसले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांचं लक्ष नोटिशीकडे नव्हतं. ते पप्पांच्या डाव्या पायाकडे बघत होते.

"आनंदराज," ते हळूच म्हणाले, "एक पाय असा उघडा का रं?"

दारातून त्यांच्या पत्नी गुणाबाई बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अगं बया, रगत!"

पप्पांनी तेव्हा खाली पाहिलं. त्यांच्या पायाखालच्या शहाबादी फरशीवर रक्ताचं थारोळं साचत होतं. करंगळीच्या बुडाशी कौलाचा तुकडा रुतलेला होता. पप्पांनी तो पाय असा न्याहाळला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग मान वळवून त्यांनी मला पाहिलं. मी पारासमोर उभी होते, धापा टाकत, त्यांची चप्पल हातात घेऊन.

त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पायाकडे पाहताना जो बदलला नव्हता, तो माझ्या हाताकडे पाहून पांढराफटक पडला.

"लुंबे," ते म्हणाले, "ते हातात नको धरू. आधी खाली ठेव."

मी चप्पल खाली ठेवली. आबांची इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट मला तिथे पहिल्यांदा कळली, आणि पारावरच्या माणसांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. गुणाबाई वाटीत हळद घेऊन धावत आल्या आणि जखमेवर टाकायला वाकल्या, तर मी त्यांच्यावर खेकसले, "हळद नको! पाणी आणा, स्वच्छ फडकं आणा!" श्रीमंतराव उठले आणि म्हणाले, "बस आनंदराज, ओट्यावर बस." पप्पा बसले नाहीत. म्हणाले, "आधी सही." श्रीमंतरावांनी सही केली. मग पप्पा बसले.

गावातल्या एका जीपमधून आम्ही नांदेडला निघालो. पप्पांचा पाय माझ्या मांडीवर, फडक्यात गुंडाळलेला. लोहा मागे पडल्यावर पप्पा बोलायला लागले.

"दोन वर्षं झाली. बाजारात चप्पल घालून गेलो होतो. संगप्पाच्या दुकानापाशी एक बाई मागून आली अन् म्हणली, दादा, तुमची चप्पल तिकडं चौकात राहिली. मला पत्ताच न्हाई. तवापासून लेसचा बूट. करकचून बांधला की निघत न्हाई. मनाला धीर ऱ्हातो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू औषधवाली. दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतंस. दीड वर्ष राहिलंय नोकरीचं." मग म्हणाले, "अन् गावात एकदा तरी असं झालं तर, याचं लई भ्याव वाटायचं."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "पप्पा, डॉक्टरांनी मागे पट्टा असलेलीच लिहून दिली होती. दुकानात होती ती. मीच घेतली नाही. वाईट दिसत होती."

"ठावं हाय," पप्पा म्हणाले. "कागद मी बी वाचला होता."

करंगळी गेली. डॉक्टरांनी आठवडाभर वाट पाहिली, मग म्हणाले, आता थांबलो तर पाऊल जाईल. ऑपरेशनच्या दिवशी मम्मी आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आणि मी माझ्या सँडलकडे बघत होते. मला त्यांची इतकी किळस आली की तिथेच काढून बाकाखाली सरकवल्या. घरी जाताना त्याच घालाव्या लागल्या, दुसरं काही नव्हतंच. जखम भरायला अडीच महिने लागले. त्यात एकही रात्र अशी गेली नाही की मी टॉर्च घेऊन पायाशी बसले नाही.

ती काळी सँडल मीच जाऊन आणली. बूट कोठीमागून काढून पप्पांच्या हातात दिले. त्यांनी ते कागद पसरून एकदा नीट पॉलिश केले आणि खोक्यात भरून माळ्यावर ठेवले. कोर्टात पहिल्या दिवशी काळी सँडल घालून गेले तेव्हा गुरुलिंग काका काहीतरी म्हणायला तोंड उघडून गप्प बसले, असं पप्पांनीच येऊन सांगितलं. काका बोलले असते तर पप्पांना बरं वाटलं असतं.

मागच्या आठवड्यात श्रीमंतरावांच्या दाव्यात दुसरी नोटीस निघाली. दुसरा बेलिफ जायला तयार होता. पप्पा म्हणाले, मीच जातो. मी पुन्हा सुट्टी काढली. पायात सपाट कापडी बूट घातले, मेडिकलवरही आता तेच घालते.

स्कूटी शाळेपाशी लावली. गल्ली बुजवली होती, पण खडी तशीच होती. पप्पा वाकले, दोन्ही सँडलचे मागचे पट्टे ओढून घट्ट केले. उभे राहिले. डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवत होतं, त्यांनाही आठवत होतं. चालताना पायांकडे लक्ष. पप्पांनी एकदा खाली पाहिलं, दोन पावलं टाकली आणि थांबले. समोर वळणापलीकडे पार होता.

"माझ्यानं होत न्हाई गं," ते म्हणाले. "इथं खाली बघून चालणं होत न्हाई."

"नका बघू," मी म्हटलं.

"मग?"

"तुम्ही समोर बघा. खाली मी बघते."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॅग काखेत घेतली, मान वर केली आणि निघाले. मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होते. पारापाशी आलो तेव्हा बोलणी थांबलेली मला ऐकू आली. आबा असते तर त्यांनी माझ्या हनुवटीखाली हात घातला असता, हेही मनात आलं. तरी मी मान वर केली नाही. डावा आहे. उजवा आहे. डावा आहे. श्रीमंतरावांच्या दारापर्यंत मी माझ्या बापाच्या पायांवरून नजर काढली नाही.